चिमटा पडला

(तासगाव येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी विषय दिला तो ‘जैविक औषधांच्या कारखान्यातली सुरुवातीची वर्षं’. समोर सायन्सची मुलंमुली बसली आहेत, मागच्या रांगांत त्यांचे आईवडील आहेत. म्हणजे ‘या लाइनीत पोराला घालावं का’ हा आजचा खरा प्रश्न, हे मी ओळखून आहे. त्याचं उत्तर देईन, पण जरा लांबून येईन. आधी प्लेगच्या दिवसांत जाऊ.

प्लेगची साथ म्हटलं की आपल्याला पुणं आठवतं, रँड आठवतो, चापेकर आठवतात. त्याच दिवसांत मुंबईला ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली आणि बाहेरचा व्हरांडा एवढ्या जागेत वाल्डेमार हाफकिन नावाचा, ओडेसात जन्मलेला ज्यू शास्त्रज्ञ प्लेगवर लस बनवत होता. चंबूत मांसाचा काढा, त्यावर तुपाचे थेंब सोडलेले, आणि त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढायचे. मग ते मारायचे आणि तीच लस. १० जानेवारी १८९७ ला त्यानं ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी स्वेच्छेनं पुढं आले. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये गेली. आजची हाफकिन इन्स्टिट्यूट ती हीच. जैविक औषधांच्या कारखानदारीचं आपल्याकडचं बारसं तिथं झालं, असं मी मानते.

१९०२ मध्ये पंजाबात प्लेग भडकला आणि लशीची मागणी एकदम वाढली. हाफकिननं पद्धत बदलली. पूर्वी जंतू मारल्यावर लशीत थोडं कार्बोलिक ॲसिड घालत. ते वगळून आता त्यानं नुसत्या उष्णतेवर भर दिला. ३० ऑक्टोबर १९०२ ला मुल्कोवाल नावाच्या गावात पाच बाटल्यांमधून १०७ जणांना लस टोचली. त्यातल्या एका बाटलीतून, क्रमांक ५३-एन, एकोणीस जणांना टोचली होती. ते एकोणीसच्या एकोणीस धनुर्वातानं गेले.

चौकशी आयोगानं ठपका ठेवला परळवर, म्हणजे कार्बोलिक वगळण्याच्या त्या बदलावर. हाफकिन निलंबित झाला. पण आणखी एक गोष्ट घडली होती. मुल्कोवालला ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला. त्यानं तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात खळबळला आणि बूच काढलं. चिमटा ज्योतीवर धरायला हवा होता, तो धरला गेला नाही. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि त्यांची बीजं अशा धुण्यानं मरत नाहीत. शिवाय कितीतरी दिवस आधी भरलेल्या बाटलीत परळपासूनच धनुर्वात वाढत असता, तर उघडल्याबरोबर घाण वास आला असता. तसा तो आला नव्हता. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटनं मत दिलं की दूषितपणा बहुधा बाटली उघडताना आला. तरीही १९०७ मध्ये मलेरियावाल्या रोनाल्ड रॉसनं ‘द टाइम्स’मध्ये पत्र लिहून आवाज उठवला, त्यानंतरच सरकारनं हाफकिनला दोषमुक्त केलं. तो परत आला तो कलकत्त्याला, मुंबईला नाही.

ही गोष्ट आमच्या धंद्यात बहुतेकांना शिकवतात, आणि शिकवताना ती हाफकिनवरच्या अन्यायाची म्हणून शिकवतात. अन्याय झालाच. पण मला त्यात तो मदतनीस दिसतो. बाटली उघडण्यापूर्वी, सगळ्यांसमोर, ‘साहेब, चिमटा पडला, दुसरा द्या’ एवढं त्याला म्हणता आलं असतं का? गोऱ्या डॉक्टरांचा कॅम्प, रांगेत उभं गाव, वरून आकड्यांची घाई. माझ्या सुरुवातीच्या वर्षांचा सगळा धडा या एका प्रश्नाभोवती आहे.

आता हा धंदा नेमका काय, ते थोडक्यात. डोकं दुखलं की आपण घेतो ती ॲस्पिरिन. तिचा रेणू १८० डाल्टन वजनाचा, आणि तो कुठंही बनवा, तोच. इन्शुलिन सुमारे ५,८०० डाल्टनचं. कर्करोगात किंवा संधिवातात देतात त्या अँटिबॉडीचा रेणू दीड लाखाच्या घरातला. एवढा रेणू रसायनशाळेत जोडत बसता येत नाही, तो जिवंत पेशींकडून करून घ्यावा लागतो. पुष्कळ कारखान्यांत त्यासाठी ज्या पेशी वापरतात, त्या १९५७ च्या सुमारास चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातून काढलेल्या पेशींचे वंशज आहेत. स्टीलच्या मोठ्या टाकीत ३७ अंशांच्या आसपास त्यांना दोन-दोन आठवडे खाऊपिऊ घालायचं, ऑक्सिजन द्यायचा, आंबटपणा सांभाळायचा. या पेशींची संख्या दुप्पट व्हायला साधारण एक दिवस लागतो. त्याच टाकीत एखादा जिवाणू घुसला तर तो वीस मिनिटांत दुप्पट होतो. कोण जिंकणार, हे सांगायला नको.

आणि शेवटी माल तपासून सगळं कळतं, असं समजू नका. इंजेक्शनची बॅच काही हजार व्हायलची असते. निर्जंतुकतेच्या चाचणीला त्यातल्या वीस घेतात, चौदा दिवस पोषक द्रवात ठेवतात, गढूळपणा येतो का बघतात. समजा हजारात एक व्हायल दूषित आहे. ती या वीसांत सापडण्याची शक्यता शंभरात दोन. म्हणजे अठ्ठ्याण्णव वेळा ती बॅच पास होणार! हे गणित मला पहिल्या महिन्यात एका सिनिअर बाईंनी कागदावर करून दाखवलं, तेव्हा मी हबकलेच. मग विसंबायचं कशावर? तर औषध बनत असताना प्रत्येक पायरीला काय घडलं, याच्या खऱ्या नोंदीवर.

तासगावात हे समजावणं सोपं जातं. २०१० साली आपली द्राक्षं युरोपात अडकली ती लिहोसिन या वाढ आवरणाऱ्या औषधाच्या अंशामुळं, हे इथल्या प्रत्येक बागायतदाराला आठवत असेल. मणी एकसारखे होते, गोडी होती, रंग होता. डोळ्याला आणि जिभेला काही कळत नव्हतं. तेव्हापासून निर्यातीच्या बागेत फवारणीच्या वहीला घरच्या लक्ष्मीइतका मान आला : कोणतं औषध, कधी, किती, काढणीला किती दिवस राहिले. डाऊनी रोगाच्या भीतीनं रात्री फवारणी करून सकाळी वही लिहायची राहिली, तर त्या बागेची गोष्ट अर्धीच उरते. आमचं बॅच रेकॉर्ड म्हणजे तीच वही, फक्त काहीशे पानांची, आणि प्रत्येक ओळीला करणाऱ्याची एक सही नि बघणाऱ्याची दुसरी.

कॉलेजातून नवा निघालेला मुलगा इथं येतो तेव्हा त्याला वाटतं, आपण संशोधन करणार. पहिले काही आठवडे तो एसओपी, म्हणजे प्रत्येक कामाची ठरलेली लेखी पद्धत, वाचतो. वाचून सही, वाचून सही. नंतर त्याला कपडे घालायला शिकवतात. हसू नका, महिनाभर कपडेच घालायला शिकतात. बाहेरच्या खोलीत घरचे कपडे, चपला, घड्याळ उतरवायचं. बायकांनी बांगड्या, मंगळसूत्र, टिकली, काजळ, सगळं. माझ्याबरोबरच्या एकीचं नवीन लग्न झालं होतं. तिच्या सासूबाईंना हे पटायला वर्ष लागलं. आतल्या खोलीत बाकापलीकडं पाय टाकताना निर्जंतुक बूट. अंगरखा चढवताना त्याची कुठलीही कड जमिनीला टेकता कामा नये, म्हणून पायजमा आणि बाह्या गोळा करून मुठीत धरायच्या. हातमोज्यांची कड बाहीवरून चढलेली हवी. आत गेल्यावर हळू चालायचं, हातवारे करायचे नाहीत, उघड्या व्हायलवरून हात न्यायचा नाही. बाहेर येताना छाती, मनगट, बोटं यांवर जंतू वाढवणाऱ्या ॲगारची थाळी दाबून नमुने घेतात आणि आठवडाभरात कळतं की तुम्ही स्वच्छ होतात की नाही. अंगावर काय उगवलं याचा असा लेखी पुरावा दुसऱ्या कुठल्या नोकरीत मिळत असेल असं वाटत नाही.

त्यानंतर ‘मीडिया फिल’. औषधाऐवजी जंतूंना आवडणारा पोषक द्रव व्हायलमध्ये भरायचा, अगदी खऱ्या बॅचसारखा. शिफ्ट बदलायची, मुद्दाम मशिन थांबवायचं, सुरू करायचं. भरलेल्या व्हायल चौदा दिवस उबवायच्या आणि दिव्यासमोर एकेक उलटी करून बघायची. गढूळ निघाली, तर त्या दिवशी आत असलेल्या सगळ्यांचा तास सुरू. मला हा प्रकार फार आवडायचा. एखादी टीम खरंच कशी आहे, ते मीडिया फिलमध्ये कळतं.

मी क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत होते, सूक्ष्मजीवशास्त्रात. माझ्या पिढीच्या बहुतेक मुली क्यूसीतच होत्या, आणि ते काही आवडीनंच नव्हतं. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ६६ व्या कलमानं बायकांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात काम करता येत नसे. उत्पादन तीन पाळ्यांत चालतं, म्हणून उत्पादनात मुली नकोत, असा सरळ हिशेब. पुढं सवलती आल्या, आज फिलिंग लाइनवर मुली दिसतात. तेव्हा मात्र खालच्या मजल्यावरची माहिती मला मामांकडून मिळायची. शॉपफ्लोअरवरच्या जुन्या ऑपरेटरना आम्ही मामा म्हणायचो. त्यांतले काही पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या जुन्या माणसांच्या हाताखाली शिकलेले. त्या कारखान्याची स्थापना १९५४ ची, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं झालेली. देशाला पेनिसिलिन तर त्यानं दिलंच, पण टाकीच्या आवाजावरून ढवळणीतला बिघाड ओळखणारी माणसंही त्यानं महाराष्ट्राला दिली. याची दखल फारशी कोणी घेत नाही.

आता एक प्रसंग. कंपनीचं नाव सांगणार नाही.

फिलिंग चालू असताना मशिनजवळ ॲगारच्या उघड्या थाळ्या ठेवतात, हवेतून काय पडतं ते बघायला. सगळ्यांत आतल्या, ज्याला ‘ए ग्रेड’ म्हणतात त्या भागात त्यांच्यावर काहीही उगवता कामा नये. एका सकाळी मी इनक्युबेटरमधून थाळ्या काढल्या, तर एकीवर एक कॉलनी. मोहरीएवढी, पिवळी, गोल, कड गुळगुळीत. रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली : चार-चारच्या जुडीतले गोल जंतू. मायक्रोकॉकस. हा माणसाच्या कातडीवर असतो, आणि तसा निरुपद्रवी आहे. पण तो तिथं आला, म्हणजे कातडी आणि औषध यांच्यामधली वाट कुठंतरी उघडली होती.

माझ्यावरचे साहेब म्हणाले, ‘एकच आहे ना? थाळी हाताळताना पडली असेल. लिहिण्याआधी जरा थांब.’ ज्यांनी मला ते शंभरात दोनचं गणित शिकवलं होतं, त्या बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी काही भाषण केलं नाही. रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं, पेन दिलं आणि घड्याळाकडं बघून म्हणाल्या, ‘दहा वाजून पाच. वेळ पण टाक.’ मी लिहिलं. बॅच थांबली. लाखो रुपयांचा माल शीतगृहात अडकला, मीटिंगवर मीटिंग झाल्या.

तिसऱ्या दिवशी एक मामा स्वतःहून आले. अडकलेली व्हायल चिमट्यानं काढताना उजव्या हाताचा मोजा बाहीवरून सरकला होता, मनगट उघडं पडलं होतं, ते त्यांना जाणवलं होतं. लाइन थांबवायला हवी होती. थांबवली नाही, कारण त्या पाळीत आधीच दोनदा लाइन थांबली होती आणि शिव्या बसल्या होत्या. त्यांच्या या चार वाक्यांनी आठवडाभराचं कोडं सुटलं. बॅच नष्ट केली गेली. हातमोजे बदलले गेले, बाहीला लांब कड आली, अडकलेली व्हायल काढायला नवी पद्धत ठरली. आणि मामा कंत्राटी होते, त्यांचं कंत्राट पुढं वाढलं नाही.

खरं सांगितलं म्हणून मामांचं कंत्राट गेलं, हे कारखान्यात कोणी बोलून दाखवलं नाही. पण पुढच्या सहा महिन्यांत त्या लाइनवरून एकही डेव्हिएशन आलं नाही. डेव्हिएशन म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळं काही घडल्याची नोंद. व्यवस्थापनानं नोटीस बोर्डावर अभिनंदन लावलं. मी तो कागद वाचला आणि दुसरीकडं अर्ज करायला लागले. माणसं अचानक निर्दोष काम करू लागली नव्हती, ती गप्प झाली होती.

पुढची जागा निराळी होती. तिथं डेव्हिएशनच्या फॉर्मवर ‘कोणी केलं’ हा रकानाच नव्हता. ‘काय झालं, केव्हा कळलं, लगेच काय केलं’ एवढंच. मोजा फाटला, दरवाजा दोन मिनिटं जास्त उघडा राहिला, असल्या बारीकसारीक नोंदींनी रजिस्टर भरलेलं. सुरुवातीला मला तो कारखाना गबाळा वाटला. मोठं संकट तिथं का येत नाही, ते कळायला थोडा वेळ गेला. चिमटा पडला, हे तिथं कोणीही, कोणाहीसमोर म्हणू शकत होतं.

हे सगळं पुण्यामुंबईचं, असं समजू नका. आपल्या सांगली जिल्ह्यात शिराळ्याला आयसेरा बायोलॉजिकल ही कंपनी घोड्यांपासून अँटिसेरा, म्हणजे सर्पदंशासारख्या विषांवरची प्रतिद्रव्यं, बनवते. २०२१ मध्ये तिच्या कोविडवरच्या औषधाच्या पहिल्या टप्प्याच्या चाचण्यांची बातमी देशभर गाजली. नागपंचमीच्या शिराळ्यात, जिथं जिवंत नागांच्या मिरवणुका न्यायालयाच्या आदेशांनी थांबल्या, तिथं हे काम व्हावं हा एक गमतीचा योग.

सर्पदंशावरचं प्रतिविष हे जैविक औषधांतलं जुन्या पठडीतलं, आणि आपल्या शेतकऱ्याच्या सगळ्यांत जवळचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष अगदी थोड्या, वाढत्या मात्रेत घोड्याला देतात. काही महिन्यांत त्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार होतात. रक्त काढून प्लाझ्मा वेगळा करायचा, लाल पेशी घोड्याला परत द्यायच्या. प्लाझ्मातली प्रतिद्रव्यं पेप्सिननं कापून, शुद्ध करून, गोठवून सुकवायची. तयार औषधाच्या एका मिलिलिटरनं नागाचं आणि घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम, मण्यार आणि फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करायला हवं, हे आपल्याकडचं ठरलेलं माप. रुग्णाला सुरुवातीलाच आठ-दहा व्हायल लागतात. उसात पाचट ओढणारा माणूस रात्री ग्रामीण रुग्णालयात येतो, तेव्हा डॉक्टरकडं त्या व्हायलची ताकद तपासायला साधन नसतं, वेळही नसतो. त्याचा जीव घोड्याच्या तबेल्यापासून सुकवणीच्या यंत्रापर्यंत कोणी काय लिहिलं यावर टांगलेला असतो.

मुलांना एक फुकटचा अभ्यास सुचवते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाची कारखान्यांना गेलेली इशारापत्रं सार्वजनिक असतात, इंटरनेटवर वाचायला मिळतात. २०१३ नंतरच्या काही वर्षांत भारतीय कारखान्यांना अशी बरीच पत्रं आली. औषध विषारी होतं, अशी तक्रार त्यांत क्वचित दिसते. नापास चाचणी पुसून पुन्हा केली, वेळ मागाहून टाकली, बॅचचे कागद फाडलेले कचऱ्यात सापडले, असलीच वर्णनं जास्त. कादंबरीसारखी वाचून होतात. एकेक पत्र वाचताना स्वतःला विचारा, हा कागद फाडणारा पंचवीस वर्षांचा पोरगा कोण असेल, आणि त्याला फाड असं कोणी, कोणत्या शब्दांत सांगितलं असेल. ‘फाड’ असं कोणी म्हणत नाही. ‘जरा थांब’ असंच म्हणतात.

तर आता मागच्या रांगांतल्या प्रश्नाकडं. पोरांना पाठवावं का? पाठवा. मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, फार्मसी शिकलेल्या मुलांना पुणे, नवी मुंबई, छत्रपती संभाजीनगर, हैदराबाद इथं काम आहे. पगार सुरुवातीला कमी असतो. इंजिनिअरिंगवाल्या चुलतभावाशी तुलना होईल, ती सोसावी लागेल. नातेवाईक फुकट गोळ्या मागतील, त्यांना सांगा की आमच्या औषधाची एक सुई तुमच्या बैलजोडीच्या किमतीची आहे.

फक्त पहिली नोकरी निवडताना शहर, बस, कँटीन याआधी एक गोष्ट बघा. मुलाखत संपताना विचारतात, तुम्हाला काही विचारायचं आहे का? तेव्हा बहुतेक मुलं ‘नाही सर’ म्हणतात. तुम्ही विचारा, ‘मागच्या वर्षी या विभागात किती डेव्हिएशन नोंदली गेली, आणि त्यातली किती ऑपरेटरनं स्वतः सांगितली?’ समोरचा चिडला किंवा अभिमानानं ‘एकही नाही’ म्हणाला, तर पगार कितीही असो, दुसरी जागा शोधा. तो फाइल काढून बसला आणि सांगायला लागला, तर तिथं दोन वर्षं तरी काढा, पगार थोडा कमी असला तरी. आणि पहिल्याच आठवड्यात तिथले मामा कोण, ते हुडकून काढा. चहाच्या सुट्टीत त्यांच्या टेबलावर बसा.

मला दिलेला वेळ होत आला. मुलांच्या चिठ्ठ्या इकडं आल्या आहेत, त्या आता घेऊ.